दुसरी किल्ली काकूंकडे

"तोंड फिरवा. भिंतीकडे. सगळ्यांनी."

नाना सहस्रबुद्धे गरजले आणि कोलकात्याच्या बालीगंजमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्या क्षणी हजर असलेल्या चारही माणसांनी निमूटपणे भिंतीकडे तोंडं केली. पहिला मी, त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारा कुलकर्णी. दुसरी माझी बायको वृंदा, जी फक्त खिचडीची वाटी परत द्यायला आली होती. तिसऱ्या समोरच्या फ्लॅटमधल्या मित्राबौदी. बौदी म्हणजे वहिनी, आणि आमच्या अख्ख्या इमारतीच्या त्या वहिनी लागतात. चौथा गॅसवाला. त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण नानांचा आवाज कुठल्याही भाषेत कळतो. खांद्यावरचा सिलिंडर खांद्यावरच ठेवून तो बिचारा कॅलेंडरवरच्या कालीमातेकडे बघत उभा राहिला.

मागे नाना कॉम्प्युटरच्या कळा दाबत होते. एक कळ दाबायची, पडद्यावर ठिपका उमटला का ते वाकून बघायचं, मग पुढची कळ शोधायची. एकूण सहा कळा. तेवढ्या वेळात तो सिलिंडर खांद्यावरच निम्मा संपला असावा असं माझं प्रामाणिक मत आहे.

"माझा भाग झाला. कुलकर्णी, तू ये. आता मी तोंड फिरवतो."

आणि पंच्याहत्तरीतले ते सहा फुटी गृहस्थ स्वतः भिंतीकडे वळले, हात मागे बांधून. मी खुर्चीत बसलो आणि चिठ्ठीवरचा शब्द टाइप केला. पासवर्ड चुकीचा आहे, असं कॉम्प्युटरनं कळवलं. तो आमचा सदतिसावा प्रयत्न होता.

आता हे काय प्रकरण होतं ते सांगायचं तर आधी नाना सांगायला हवेत.

नाना बँकेत होते. सांगलीहून बदली होऊन कोलकात्याला आले ते तीन वर्षांसाठी, आणि आता तीस वर्षं होत आली तरी इथेच आहेत. बँकेत त्यांच्याकडे तिजोरीची एक किल्ली असे. एकच. दुसरी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे. दोघं समोरासमोर उभे राहिल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही, आणि एक जण किल्ली फिरवत असताना दुसऱ्यानं तिकडे बघायचंही नाही, हा नानांचा दंडक. लोक नोकरीतून निवृत्त होतात. नानांनी ती किल्ली बरोबर घरी आणली. म्हणजे लोखंडाची नव्हे, डोक्यातली. "एकट्यानं काही उघडायचं नसतं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मला झोपेत कुणी हलवलं तर मी तेच म्हणेन.

त्यांच्या कपाटाला दोन कुलपं होती. एकाची किल्ली नानांच्या जानव्याला, दुसऱ्याची त्यांच्या बायकोच्या, म्हणजे सुमतीकाकूंच्या कमरेला. बिस्किटाच्या डब्याचं झाकण नाना उघडत आणि बिस्किट काकू काढत. सोसायटीचे सेक्रेटरी असताना त्यांनी गच्चीच्या दाराला दोन मजल्यांची दोन कुलपं लावली. त्यामुळे झालं काय, की कपडे वाळत घालायला रोज दोन घरांतली दोन माणसं एकाच वेळी वर जाऊ लागली. त्यातून चौथ्या मजल्यावरचं आणि पहिल्या मजल्यावरचं लग्न जमलं असं सांगतात. मी त्या लग्नात जेवून आलोय, तेव्हा मी नाही कसं म्हणू.

दुसरी गोष्ट त्यांचे कान. जुड्यातली कुठली किल्ली कुठल्या कुलपात फिरतेय हे नाना पाठमोरे उभे राहून सांगतात. मी जिना चढताना माझ्या खिशात स्कूटरची चावी आहे की ऑफिसची, हे ते आतल्या खोलीतून ओळखतात. वृंदा तर म्हणते, आपण वर भांडतो तेव्हा कुणाचं बरोबर होतं ते नानांना विचारायला हवं.

असा माणूस कॉम्प्युटर घेतो तेव्हा काय होतं? अकरा वर्षांपूर्वी मधुरानं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, पुण्याहून पैसे पाठवून तो घ्यायला लावला. नानांनी त्यावर दोन खाती केली. एकाचं नाव 'काउंटर'. तिथे पेपर वाचायचा, पत्ते खेळायचे. दुसरं 'स्ट्राँगरूम'. ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, सगळ्या मशीनचे अधिकार त्याच्या हातात. आणि स्ट्राँगरूमच्या पासवर्डचा पहिला अर्धा भाग नानांचा, दुसरा अर्धा काकूंचा. कुणी कुणाला सांगायचा नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी उघडण्याचा समारंभ असे. मी एकदा डोळ्यांनी पाहिलाय. नाना हाक मारत, "सुमती, किल्ली." काकू कढई खाली उतरवून, पदराला हात पुसत येत. नाना आपल्या सहा कळा दाबून भिंतीकडे तोंड करत. काकू खुर्चीत बसत. मीही तोंड फिरवायचं असे, त्यामुळे पुढचं नुसतं ऐकलं. टक टक टक टक टक टक. मग जरा मोठा टक. की उघडलं. काकू म्हणत, "झालं हो," आणि परत कढईकडे.

आत काय होतं? फोटो. मधुराच्या बारशापासूनचे. काकूंनी एका हिवाळ्यात बसून सगळे जुने फोटो मशीनवर चढवले, आणि बरंच केलं, कारण कोलकात्याच्या दमट हवेनं अल्बमची पानं एकमेकांना अशी चिकटली की बारसं, कुणाची तरी मुंज आणि दार्जिलिंगची सहल यांचा एकच लगदा झाला. मशीनमधलेच तेवढे उरले. नानांनी त्यांची प्रत काढली नव्हती. प्रत म्हणजे डुप्लिकेट किल्ली, आणि डुप्लिकेट किल्ली म्हणजे चोरीची तयारी.

दीड वर्षापूर्वी काकू गेल्या. सकाळी चहा केला, दुपारी छातीत दुखलं, संध्याकाळी नव्हत्या. दुसरी किल्ली त्यांच्याबरोबर गेली.

या वर्षी मधुरानं ठरवलं की नानांनी पुण्याला यायचं. फ्लॅटला गिऱ्हाईक आलं, तिकीट निघालं, तीन महिने हातात. नाना म्हणाले, "येतो. पण स्ट्राँगरूम बंद असताना चार्ज सोडता येत नाही." मधुरानं मला फोन केला. "कुलकर्णीदादा, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? आईचे तेवढेच फोटो आहेत. प्लीज बाबांचं ते काहीतरी उघडून द्या."

मी सेक्टर फाइव्हमधल्या आयटी कंपनीत पंधरा वर्षं हेच करतोय. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड विसरलेली माणसं मी रोज नाश्त्याला खातो. पेन ड्राइव्ह खिशात टाकून खाली गेलो, म्हटलं दहा मिनिटं. आणि मशीन बघून जागच्या जागी थंड झालो. नानांनी फोटोंचं फोल्डर मशीनच्या आतल्या आत सांकेतिक करून ठेवलं होतं. बाहेरून पासवर्ड बदलला असता तर खातं उघडलं असतं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार परत मिळाले असते, पण आतले फोटो कायमचे बंद झाले असते. खरा जुना पासवर्ड घातला तरच ते दिसणार.

हे मी नानांना समजावून सांगितलं. त्यांना आनंद झाल्यासारखा दिसला.

"म्हणजे कुलूप फोडून चालणार नाही."

"नाही."

"दुसरी किल्लीच शोधायला हवी."

"हो, पण नाना, ती फक्त काकूंना ठाऊक होती."

"मग काकूंचा शोध घेऊ," नाना म्हणाले, आणि उठून एक लांबडं रजिस्टर घेऊन आले.

त्या रजिस्टरचे रकाने मला पाठ आहेत. अनुक्रमांक. शब्द. कोणी सुचवला. का सुचवला. निकाल. निकालासाठी त्यांनी गरियाहाटच्या दुकानातून 'नामंजूर' असा रबरी शिक्का करून आणला. 'मंजूर'चा करू का, असं दुकानदारानं विचारलं तर म्हणाले, तो एकदाच लागेल, हातानं लिहीन. दर रविवारी सकाळी नऊ शब्द. दहाव्याला मशीन रुसून दहा मिनिटं बंद होई, आणि मशीनला रुसायची संधी द्यायची नाही असं नानांचं धोरण होतं. ते आपला अर्धा भाग घालत, मी काकूंच्या जागी बसून दुसरा.

पहिल्या रविवारी मधुराचं नाव, लग्नाची तारीख, कुलदैवत, सांगलीच्या घराचा नंबर वगैरे गेलं. नवव्या क्रमांकावर 'वेलदोडा'. कारण काकू बौदींकडून परत येत तेव्हा नेहमी तोंडात वेलदोडा असे. नामंजूर. नानांनी शिक्का इतक्या जोरात हाणला की खालच्या मजल्यावरचे लोक भूकंप समजून बाहेर आले. सगळे नाही, पण आले.

"आता मला काही सुचत नाही," नाना म्हणाले. "चाळीस वर्षं संसार केला आणि नऊ शब्दांत संपला. दुसऱ्यांना विचारायला हवं."

आणि ते निघाले. तपासणी अधिकारी निघतो तसे, बगलेत रजिस्टर, खिशात दोन पेनं. सोबत मी, कारण एकट्यानं काही उघडायचं नसतं. वृंदानं एकदा विचारलं, "तुमचं अंथरूण खाली पाठवू का?"

काकूंच्या शिंप्याकडे गेलो. नानांनी विचारलं, "मिसेस सहस्रबुद्धे को क्या पसंद था?" शिंपी टेप गळ्यात घालून म्हणाला, "हरा रंग. पक्का तोता वाला. हर बार कपडा उठाती थीं, हर बार रख देती थीं. कहती थीं, घर में सादा चलता है." नानांनी लिहून घेतलं. परतताना ट्रामच्या फाट्यावर थांबले. मग म्हणाले, "मी एकदा म्हणालो होतो, हिरवा जरा भडक दिसतो. एकदाच." 'पोपटी' नामंजूर झालं.

पाड्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, वाचनालयात कळलं की काकू बंगाली वाचायला शिकल्या होत्या आणि महिन्याला चार रहस्यकथा न्यायच्या. "खून असलेल्याच मागायच्या," ग्रंथपालबाई म्हणाल्या. नानांना वाटे की त्या पिशवीत भाजी असते. त्या रविवारी आम्ही नऊच्या नऊ शब्द खून, विष, सुरी असल्या प्रकारचे घातले. मी काकूंच्या खुर्चीत बसून 'विष' टाइप करतोय आणि भिंतीकडे तोंड केलेले नाना पुटपुटतायत, "माझ्या शेजारी झोपून वाचायची ही."

रजिस्टर भरत चाललं आणि दिवस संपत चालले. मधुराचे फोन वाढले. गिऱ्हाईक येऊन खिडक्या मोजून गेलं. प्रयत्न नव्वदवर पोचले तेव्हा मीच हात टेकले. नाना मात्र हटले नाहीत. उलट दर सोमवारी ते आदल्या आठवड्यापेक्षा ताठ चालत. "अजून बौदींनी सगळं सांगितलेलं नाही," ते म्हणत. "त्या उत्तर देताना बांगड्या फिरवतात."

बौदींना ते अकरा वेळा विचारून आले होते. बाराव्या वेळी मी बरोबर होतो. बौदी वाटाणे सोलत होत्या. नाना खुर्चीवर बसले नाहीत, उभेच राहिले.

"बौदी, वीस दिन बाकी है. नहीं खुला तो उसका एक भी फोटो मेरे पास नहीं."

बौदींच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्या एकदम रडायलाच लागल्या. "दादा, हमने सुमती को वचन दिया था. माँ कालीका नाम लेकर."

"काय वचन?"

"इलिश खाती थी वो. मेरे घर में. शोरषे बाटा देके. बीस साल."

इलिश हा बंगाल्यांचा जीव की प्राण असलेला मासा, आणि शोरषे बाटा म्हणजे वाटलेली मोहरी. आणि काकू म्हणजे अंड्याचा केक आणला तर बशी वेगळी घासणाऱ्या. मला वाटलं आता सहस्रबुद्ध्यांच्या सात पिढ्या सांगलीहून उठून बालीगंजला येतील. मी नानांना धरायला हात पुढे केला.

नानांनी पेन काढलं. "कितने पीस?"

"दो." बौदींनी डोळे पुसले. "कभी तीन. काँटा ऐसे निकालती थी कि हमारे घर की बहू लोग देखने बैठती थीं."

"उसके बाद वेलदोडा?"

"हाँ. बास न आए इसलिए."

नानांनी रजिस्टर उलटं चाळून नवव्या क्रमांकापर्यंत नेलं आणि 'का सुचवला' या रकान्यात बारीक अक्षरात दुरुस्ती केली. खाली सही केली.

"और एक बार," बौदी म्हणाल्या, आता बांध फुटलाच होता, "हम दोनों लोकल पकडके बजबज गए थे. कोई काम नहीं. घाट पर बैठके नदी देखा, मुढी खाया, वापस. आपको बोला था आँख दिखाने जा रहे हैं." मुढी म्हणजे बंगाली चुरमुरे.

"डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बदलला नाही म्हणाली होती," नाना म्हणाले. "खरंच होतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना मला गरियाहाटच्या मासळीबाजारात घेऊन गेले. नाकाला रुमाल लावलेला, धोतर एक वीत वर धरलेलं. माणसं वाट सोडत होती. कुणाला वाटलं महापालिकेची धाड आली. बौदींचा मासेवाला शोधून काढला. त्याच्यासमोर केळीच्या पानावर चांदीचं पात घडवल्यासारखे इलिश मांडलेले. नाना त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले, समोर उभ्या असलेल्या उमेदवाराकडे बघावं तसे.

"बौदी के साथ एक मराठी बाई आती थी," मी विचारलं.

"काकीमा?" तो लगेच म्हणाला. "चुनती वही थीं. मित्राबौदी को क्या समझता है. काकीमा पेट ऐसे उँगली से दबाके देखती थीं." त्यानं दाखवलं.

नानांनी रुमाल खिशात ठेवला. उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं आणि माशाच्या पोटावर, जेमतेम टेकेल इतकंच, टेकवलं. ज्या माणसानं पंच्याहत्तर वर्षांत उकडलेल्या अंड्याकडे तिरक्या नजरेनंसुद्धा पाहिलं नाही त्याचं ते बोट. घरी जाऊन त्यांनी तीनदा हात धुतले. चौथ्यांदा धुवायला निघाले आणि थांबले.

त्या रविवारी 'इलिश', 'शोरषे', 'मुढी', 'बजबज' असे शब्द गेले. प्रत्येक शब्द घालताना मला वाटलं, आता नक्की. सगळे नामंजूर. शेवटच्या रविवारपर्यंत एकशे सतरा प्रयत्न झाले.

मग शेवटचा दिवस आला. सामान गेलं होतं. मोकळ्या खोलीत टेबल, त्यावर कॉम्प्युटर, एक खुर्ची. गाडी दुपारची होती. मधुरा फोनवर होती आणि रडकुंडीला आली होती. "दादा, काहीतरी करा ना. नसेल तर नसेल, पण बाबांना त्याचं किती लागेल." मी फोन ठेवला. माझ्याकडे चिठ्ठी नव्हती, शब्द नव्हता. काकूंबद्दल जे जे कुणाला माहीत होतं ते सगळं रजिस्टरमध्ये होतं.

"तोंड फिरव," नाना म्हणाले. ओरडले नाहीत.

मी फिरवलं. सहा कळा, नेहमीच्या संथपणानं. मग ते स्वतः भिंतीकडे वळले. कॅलेंडर काढून टाकलेल्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन उरला होता, बरोबर त्यासमोर.

मी खुर्चीत बसलो. "नाना, आज काय घालू?"

"काही नको घालूस."

"म्हणजे?"

"नुसतं एंटर मार."

मी मारलं. आणि स्ट्राँगरूम उघडली. अकरा वर्षांची, सताड. मशीननं मला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून सलाम केला. मी फोल्डरवर क्लिक केलं आणि पडदाभर काकू आल्या. बारशातल्या, दार्जिलिंगच्या, आणि एका फोटोत घाटाच्या पायरीवर बसलेल्या, हातात मुढीचा पुडा, शेजारी बौदींची अर्धी साडी.

मी खुर्चीतून उडालो. "नाना, उघडलं. अहो, काकूंनी कधी काही घातलंच नव्हतं. तुमचाच अर्धा हा पुरा पासवर्ड आहे."

"हं."

"हं काय? तुम्हाला हे केव्हा कळलं?"

"अकरा वर्षांपूर्वी. पहिल्या दिवशी," नाना भिंतीला म्हणाले. "ती बांगडीनं टेबल वाजवायची. सहा वेळा, मोजून. लाकडाचा आवाज आणि कळेचा आवाज वेगळा असतो."

मी तीन महिन्यांचे माझे रविवार मोजले. शिंपी मोजला, वाचनालय मोजलं, मासळीबाजारातला चिखल मोजला. एकशे सतरा शिक्के मोजले. माझा आवाज बहुतेक तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला असणार. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तर मग हे सगळं कशासाठी, नाना?"

नाना वळले नाहीत.

"नाहीतर मला इलिशचं कोणी सांगितलं असतं?"